पावसाळ्यात पिवळे पडणारे सेल: सांगलीतल्या एका छोट्या लॅबचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीतल्या एका कॉलेजचं फिजिक्स डिपार्टमेंट, दोन खोल्यांची रिसर्च लॅब, एक स्पिन कोटर (काच गरगर फिरवून तिच्यावर द्रावणाचा पातळ थर पसरवणारं यंत्र), दोन हॉटप्लेट, एक जुना सोलर सिम्युलेटर, म्हणजे सेल तपासायचा उन्हासारखा दिवा. ग्लोव्ह बॉक्स, म्हणजे बाहेरून हातमोज्यांतून आत काम करायची नायट्रोजन भरलेली बंद पेटी, नाही. मी तिथे गाईड, आणि पीएचडी करणारी मुलगी तासगावकडची, घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. कुणाची ओळख पटू नये म्हणून कॉलेजचं किंवा माणसांचं नाव घेत नाही, पण बाकी घडलं ते तसंच लिहितेय, कारण आपल्याकडच्या छोट्या लॅबमध्ये पेरोव्हस्काइटवर, म्हणजे सोलर सेल बनवायला वापरतात त्या एका खास रचनेच्या स्फटिक पदार्थावर, काम करणारी बरीच पोरं याच खड्ड्यात पडताना मी बघते आणि फसलेल्या बॅचबद्दल कुणी काही लिहून ठेवत नाही.

विषय नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पेरोव्हस्काइट सोलर सेल २००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या ग्रुपने केला तेव्हा एफिशियन्सी, म्हणजे पडलेल्या प्रकाशातली किती टक्के ऊर्जा वीज होते तो आकडा, होती ३.८ टक्के आणि आत द्रव इलेक्ट्रोलाइट असल्यामुळे सेल बघता बघता विरघळून जायचा. २०१२ मध्ये कोरियात नाम-ग्यू पार्क आणि ऑक्सफर्डला हेन्री स्नेथ यांनी द्रव काढून घन थर वापरला, गाडी १० टक्क्यांच्या आसपास आली, आणि आज छोट्या सेलची प्रमाणित एफिशियन्सी २६ टक्क्यांच्या पुढे आहे, सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवला तर ३४ च्याही पुढे. सिलिकॉन वितळवायला १४१४ अंश लागतात, इथे द्रावण काचेवर फिरवायचं आणि १०० अंशाच्या हॉटप्लेटवर दहा मिनिटं ठेवायचं की झाली फिल्म. म्हणून तर आमच्यासारख्या लॅबला हा विषय झेपतो. पण छतावरचं सिलिकॉन पॅनल २५ वर्षांच्या गॅरंटीने मिळतं आणि आमचा सेल २५ दिवस टिकला तर आम्ही पेढे वाटले असते.

पहिल्या वर्षी आमची रेसिपी सगळे करतात तीच होती. एफटीओ काच (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली), त्यावर टिन ऑक्साइड, त्यावर मिथाइल अमोनियम लेड आयोडाइड, हाच पेरोव्हस्काइट, वर स्पायरो नावाचा, पेरोव्हस्काइटमधला धन विद्युतभार इलेक्ट्रोडकडे नेणारा सेंद्रिय थर आणि शेवटी चांदीचं इलेक्ट्रोड. चांदीसाठी कोल्हापूरच्या एका लॅबमध्ये जावं लागायचं, म्हणजे ही पोरगी सेल डब्यात घालून एसटीने पन्नास किलोमीटर जायची आणि संध्याकाळी परत यायची. फेब्रुवारीत एका सेलने १४.२ टक्के दाखवले. तो आकडा तिने वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिला होता. मलाही आनंद झाला, आणि मी त्या आकड्याला एकही प्रश्न विचारला नाही. खरं सांगायचं तर या प्रकरणाची सुरुवात तिथूनच होते.

अडचण

जून संपता संपता सगळं फिस्कटलं. तीच रेसिपी, तीच पावडर, तेच हात, आणि फिल्म आरशासारखी काळी यायच्या ऐवजी धुरकट, करडी यायला लागली. खिडकीसमोर धरली की टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसायची. एफिशियन्सी ५-६ टक्के, आणि तीन दिवसांत कडेपासून पिवळं चढत यायचं. पिवळं म्हणजे लेड आयोडाइड, म्हणजे पेरोव्हस्काइट मोडून निघालेला पदार्थ. पाणी आत शिरतं, आधी हायड्रेट (पाणी धरून बसलेला पदार्थ) होतं, मग मिथाइल अमोनियम निघून जातं आणि मागे हा पिवळा चुरा उरतो.

सांगलीत पाऊस कोकणासारखा नसतो, पण जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेकाठची हवा इतकी ओली असते की कपाटातली मिठाची बरणी पाझरायला लागते. लॅबमधला आर्द्रता मीटर ७० दाखवत होता. फेब्रुवारीच्या दुपारी तोच मीटर २५-३० दाखवायचा. म्हणून आम्ही निदान करून टाकलं, पाऊस. दुसरं काही असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

मग घाईघाईत पहिला उपाय केला, एन्कॅप्सुलेशन. सेलवर दुसरी काच ठेवून इपॉक्सीने बंद करायचं, पाणी आत जाणारच नाही. पावसाच्या एका दुपारी आठ सेल असे चिकटवले. चौथ्या दिवशी बघितलं तर बंद केलेले सेल उघड्यावरच्या सेलपेक्षा आधी मेले होते. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ती म्हणाली, "मॅडम, पाणी जायला जागाच नाही, मग हे झालं कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर दिलं आमच्या लॅबच्या मामांनी. मामा हरिपूरचे. हरिपूर म्हणजे कृष्णा-वारणेचा संगम आणि हळदीच्या पेवांचं गाव, जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं कीड लागत नाही. २००५ च्या पुरात त्यातली बरीच पेवं गेली, पण मामांच्या पिढीने ते काम हाताने केलेलं आहे. काच पुसता पुसता ते म्हणाले, "मॅडम, हळद वाळल्याबिगर पेव लिंपायचं न्हाई. वल्ली हळद आत कोंडली की पेव कितीबी चांगलं असूंद्या, आतनंच कुजतीया."

मी खुर्चीत बसूनच राहिले. आम्ही ७० टक्के आर्द्रतेत बनवलेली, अर्धवट सॉल्व्हंट आत राहिलेली फिल्म, वरचं लिथियम क्षार घातलेलं स्पायरो, जे स्वतःच हवेतलं पाणी ओढतं, हे सगळं ओलं तसंच कोंडलं होतं. वर इपॉक्सी थेट थरांवर पसरलं होतं आणि सुकताना त्यातून निघणाऱ्या वाफाही आतच राहत होत्या.

समोरचे पर्याय

एका शनिवारी आम्ही फळ्यावर सगळं मांडलं.

कोल्हापूरला किंवा पुण्याला कुणाच्या तरी ग्लोव्ह बॉक्सवर वेळ मागायची, हा सगळ्यात सरळ पर्याय. नायट्रोजनमध्ये काम केलं की पावसाचा प्रश्नच मिटतो. पण आठवड्यात एक दिवस मिळणार, त्यात एक बॅच बिघडली की आठवडा गेला. स्वतःचा ग्लोव्ह बॉक्स आमच्या बजेटच्या बाहेर, त्यावर बोलण्यातही वेळ घालवला नाही.

पावसाळा सोडून द्यायचा, ऑक्टोबर ते मार्च सेल बनवायचे आणि बाकी महिने वाचन-लेखन, हा तिने सुचवलेला पर्याय. बेदाण्याचंही तसंच असतं, ढगाळ हवा आली की शेडवरचा माल काळवंडतो म्हणून लोक कोरडे दिवस बघूनच माल टाकतात. मला हे पटत होतं आणि पटतही नव्हतं. जो सेल बनवायला फेब्रुवारी लागतो तो ऑगस्टमध्ये छतावर टिकणार कसा?

तिसरा पर्याय, खोली नाही तर निदान एक पेटी कोरडी करायची. चौथा, पदार्थच बदलायचा: मिथाइल अमोनियम ८५ अंशाला सुद्धा हळूहळू उडून जातं, पावसाचा संबंध नसताना, मग त्याच्या जागी फॉर्मामिडिनियम आणि सीझियम घ्यायचं. नुसतं फॉर्मामिडिनियम घेतलं तर साध्या तापमानाला ते काळ्या रूपात राहत नाही, पिवळ्या रूपात जातं, पण थोडं सीझियम घातलं की जाळी घट्ट बसते. पाचवा, वरचं स्पायरो आणि चांदी दोन्ही काढून कार्बनची पेस्ट लावायची. चीनमध्ये वुहानच्या होंगवेई हान यांच्या ग्रुपने २०१४ मध्ये कार्बनवाला सेल १२.८ टक्क्यांचा करून उघड्या हवेत भर प्रकाशात १००० तासांच्या वर टिकवून दाखवला होता, ते आम्हाला माहीत होतं. पण एफिशियन्सी खाली येणार आणि १४.२ चा लाल आकडा सोडावा लागणार, म्हणून तो पर्याय फळ्यावर सगळ्यात खाली, कोपऱ्यात लिहिला गेला.

माझी इच्छा तिसरा, चौथा, पाचवा एकदम करायची होती. तेव्हा ती जे म्हणाली त्याने पुढचं वर्ष वाचलं: "मॅडम, तिन्ही केलं आणि सेल सुधारला तर कशामुळे सुधारला ते कळणार नाही, आणि नाही सुधारला तर तेही नाही." गाईड मी, पण बरोबर ती होती.

काय केलं

आधी मीटर तपासला. घरी करता येईल अशी पद्धत आहे, बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चिखलाइतपत ओलं करायचं, मीटरसोबत हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवायचं, २५ अंशाच्या आसपास आत आर्द्रता ७५ टक्के व्हायला पाहिजे. आमचा मीटर ६३ दाखवत होता. म्हणजे ज्याला आम्ही ७० समजत होतो ते ८० च्या पुढचं होतं, आणि फेब्रुवारीतलं "२५" सुद्धा तितकं कोरडं नसणार. वर्षभराच्या वहीतले सगळे आर्द्रतेचे आकडे संशयित झाले.

मग तिने एक साधा प्रयोग लावला, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. एकाच दिवशी, एकाच द्रावणातून, चार गट. इलेक्ट्रोड नसलेल्या नुसत्या फिल्म, अर्ध्या डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेलं बंद काचेचं भांडं) आणि अर्ध्या उघड्यावर. चांदी लावलेले पूर्ण सेल, अर्धे डेसिकेटरमध्ये आणि अर्धे उघड्यावर. बारा दिवस, रोज एक फोटो, खिडकीजवळच्या त्याच टेबलावर, त्याच पांढऱ्या कागदावर.

उघड्यावरचे दोन्ही गट पिवळे झाले, त्यात नवल नव्हतं. डेसिकेटरमधल्या नुसत्या फिल्म बाराव्या दिवशीही काळ्याभोर. पण डेसिकेटरमधले पूर्ण सेल, ज्यांना पाण्याचा थेंब लागला नव्हता, त्यांची एफिशियन्सी निम्म्याच्या खाली गेली होती. काचेच्या बाजूने बघितलं तर फिल्म काळीच, उलटं करून बघितलं तर चांदीची चकाकी गेलेली आणि पट्टीच्या कडेला तपकिरी-पिवळट डाग. फिल्ममधले आयोडाइड आयन (विद्युतभार असलेले आयोडीनचे कण) स्पायरोच्या थरातल्या बारीक भोकांतून वर सरकतात आणि चांदीशी मिळून सिल्व्हर आयोडाइड होतं, ते वीज नेत नाही. म्हणजे पावसाआड दुसरा चोर लपला होता आणि आम्ही पेटीत लाख रुपये घातले असते तरी तो आतच राहिला असता. सोनं लावलं तर, असं कुणीतरी सुचवलं, पण तापल्यावर सोनंही स्पायरोतून खाली फिल्ममध्ये उतरतं हे दाखवलं गेलंय, आणि सोन्याचा खर्च कोण देणार.

त्याच आठवड्यात लाल आकड्याची पण तपासणी केली. डेसिकेटरमध्ये जपून ठेवलेल्या, फेब्रुवारीतल्यासारख्याच नव्या सेलवर व्होल्टेज वरून खाली आणत मोजलं तर १३.९, खालून वर नेत मोजलं तर ९.७. एकाच सेलचे दोन आकडे. आयन हळू सरकतात, त्यामुळे मोजायची दिशा आणि वेग बदलला की आकडा बदलतो, याला हिस्टेरेसिस म्हणतात, आणि म्हणूनच सेल सगळ्यात जास्त पॉवरच्या व्होल्टेजवर काही मिनिटं धरून ठेवून स्थिर आकडा बघायचा असतो. तो आला ११ च्या जवळ. फेब्रुवारीच्या वहीत एकच दिशा मोजलेली होती, वरून खाली. जे १४.२ सोडायचं म्हणून आम्ही कार्बन कोपऱ्यात ढकलला होता, ते आमच्याकडे बहुधा कधी नव्हतंच.

यानंतर क्रम ठरायला वेळ लागला नाही. आधी पेटी, मग पदार्थ, मग कार्बन, एका वेळी एकच.

पेटी अ‍ॅक्रिलिकची, मिरजेत बनवून घेतली, आत स्पिन कोटर आणि एक हॉटप्लेट, खाली ट्रेमध्ये निळे सिलिका जेल जे गुलाबी झालं की ओव्हनमध्ये भाजून परत वापरायचं. शिवाय तिच्या डोक्यात बेदाण्याची शेड होतीच. शेडमध्ये वारा खेळता राहिला की माल लवकर आणि सारखा वाळतो, वारा पडला की बिघडतो. फिल्मचंही तेच, सॉल्व्हंट झटक्यात निघाला तर एकदम असंख्य बारीक बिया, म्हणजे स्फटिकांच्या सुरुवातीचे कण, पडतात आणि थर सलग येतो, रेंगाळला तर थोड्याच बिया, मोठे विस्कळीत स्फटिक आणि मध्ये भोकं. त्यासाठी आम्ही आधी फिरत्या काचेवर क्लोरोबेंझिन हा द्रव टाकत होतो. त्याऐवजी तिने कोरड्या हवेचा झोत मारायचं ठरवलं. पहिला कॉम्प्रेसर टायरवाल्याकडून आणला, त्यातून तेलाचे तुषार आले आणि फिल्मवर गोल ठिपके उठले, आठवडा वाया. मग ऑइल-फ्री घेतला आणि मध्ये सिलिका जेलची नळी बसवली. पेटीतली आर्द्रता, दुरुस्त केलेल्या मीटरवर, ऑगस्टमध्ये २५ च्या खाली राहायला लागली आणि फिल्म परत आरशासारखी काळी आली. त्या दिवशी मामांनी न सांगता चहा आणला.

पदार्थ बदलताना फॉर्मामिडिनियम ८३ टक्के, सीझियम १७ टक्के घेतलं. कार्बनला मात्र दोन महिने गेले. पहिल्या पेस्टमधल्या सॉल्व्हंटने खालची फिल्मच खाल्ली, पेस्ट लावताच काळ्याखाली पिवळी छटा दिसायची. दुसऱ्या प्रकारची पेस्ट मिळाली, ती ब्लेडने ओढून कमी तापमानाला वाळवली तेव्हा जमलं, आणि कोल्हापूरची एसटीही सुटली.

बंद करायचं शेवटी परत केलं, मामांच्या पद्धतीने. आधी आतली हवा काढून घेतलेल्या डेसिकेटरमध्ये रात्रभर वाळवायचं, मग कोरड्या पेटीतच काच ठेवायची, आणि चिकट पदार्थ थरांवर न पसरता फक्त कडेने ब्युटाइल रबराची पट्टी.

एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवसापासून नीट केली, ती म्हणजे लेडचं, म्हणजे विषारी शिशाचं, वेस्ट. उरलेलं द्रावण, पुसलेले टिश्यू, फुटलेल्या काचा, सगळं वेगळ्या कॅनमध्ये, बेसिनमध्ये एक थेंब नाही. बेसिनचं पाणी शेवटी नदीकडे जातं आणि तीच नदी गाव पिते.

निकाल

कार्बनवाल्या सेलचे आकडे: वरून खाली ११.८, खालून वर १०.७, स्थिर आकडा ११ च्या थोडा वर. जुन्या सेलच्या खऱ्या आकड्याला लागून. व्होल्टेज अजून कमी पडतं, कारण फिल्म आणि कार्बन यांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन वाया जातात, आणि तीच ठिकाणं आयन सरकायची आणि पाणी शिरायचीही असतात, त्यामुळे सीमा दुरुस्त केली तर एफिशियन्सी आणि टिकाऊपणा दोन्ही एकदम सुधारायची आशा आहे, ते काम आता चालू आहे.

टिकाऊपणासाठी २०२० मध्ये जगभरातल्या ग्रुपनी मिळून ठरवलेली आयसॉस (ISOS) ही सेलचा टिकाऊपणा तपासायची पद्धत वापरली. त्यातली अंधारात साध्या हवेत ठेवायची पायरी, १००० तास, म्हणजे साधारण ४२ दिवस. सहापैकी पाच सेल मूळ आकड्याच्या ९० टक्क्यांच्या वर राहिले. एलईडीखाली ५०० तास ठेवलेल्या चारपैकी तीन ८० च्या वर. सेलला सतत सगळ्यात जास्त पॉवरच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा ट्रॅकर नसल्यामुळे प्रत्येक सेलला ठरावीक रेझिस्टन्स जोडला होता, कारण नुसतं उघड्या सर्किटवर प्रकाशात ठेवलं तर सेल लवकर खराब होतो. एलईडीत अल्ट्राव्हायोलेट जवळपास नसतं, तेव्हा हे खऱ्या उन्हाइतकं कठोर नाही हेही प्रबंधात स्पष्ट लिहिलंय. ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेची १००० तासांची जी परीक्षा कंपन्यांच्या पॅनलला द्यावी लागते ती आम्ही केलेली नाही, तशी चेंबर आमच्याकडे नाही.

परत करायचं झालं तर

चार गटांचा प्रयोग मी पहिल्या महिन्यात लावीन, पहिला चांगला सेल झाला त्याच आठवड्यात. त्याला एक रुपया जास्त लागला नव्हता, फक्त बारा दिवस आणि शिस्त. आम्ही तो दीड वर्षाने केला, कारण एफिशियन्सी चढत होती तोवर सेल टिकतो का हे विचारायची गरजच वाटली नव्हती.

दोन्ही दिशांचे आकडे आणि स्थिर आकडा असल्याशिवाय वहीत काही लिहू देणार नाही. फेब्रुवारीत मी हे विचारलं असतं तर कार्बन तेव्हाच सुरू झाला असता आणि तिचे निदान आठ महिने वाचले असते. ही चूक तिची नाही, माझी आहे, आणि तिला मी तसं सांगितलंय.

पेटीबद्दल अजून माझं मन दुहेरी आहे. पेटीमुळे काम सुरू राहिलं, पण ८० टक्के आर्द्रतेत उघड्यावर चांगली फिल्म आणणारी रेसिपी शोधायची जिद्दही त्यामुळे थोडी मागे पडली. उद्या सांगली-कुपवाडच्या एखाद्या छोट्या कारखान्यात हे बनवायचं असेल तर कोरडी खोली परवडणार का, याचा हिशेब आम्ही केला नाही, करायला हवा होता.

सध्या सहा सेल कॉलेजच्या टेरेसवर आहेत, जूनपासून. अख्खा पावसाळा काढून पाच चालू आहेत. सहाव्याची ब्युटाइलची पट्टी एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर सुटली होती आणि पिवळं बरोबर त्याच कोपऱ्यातून आत चढत आलं. त्याचा फोटो तिने रोजच्या फोटोंमध्ये तारीख घालून ठेवलाय. आता एप्रिल-मेचं ऊन बघायचं आहे.